आइस हॉकी: लीफ्सचा गोलकीपर स्टोलार्झच्या डोक्याला कोपर लागलं तरी पेनल्टी नाही, मग लीफ्सवाल्यांनी चिडायचं नाही का?

सुदामानगरचा_लीफ
एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमधली २०२५ची टोरोंटो लीफ्स-फ्लोरिडा पँथर्स सिरीज (सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे) अजून डोक्यातून जात नाही म्हणून विचारतोय. ताई टोरोंटोला असते, तिच्यामुळेच हा नाद लागला. मॅच आपल्याकडे पहाटे, मी फोन जीरावणच्या (पोह्यांवरच्या मसाल्याच्या) डब्याला टेकवून बसायचो आणि आई ओरडायची की पोहे वाफेवर आहेत, झाकण उघडू नको. पहिल्याच सामन्यात पँथर्सचा बेनेट गोलसमोरून जाता जाता स्टोलार्झच्या डोक्याला कोपर लावून गेला. मी पाचदा मागे नेऊन बघितलं. बिचारा बेंचपाशी जाऊन ओकला, मग आत गेला तो गेलाच, पुढचे सहाही सामने दुसरा गोली वोल उभा होता. बेनेटला पेनल्टी नाही, नंतर सस्पेन्शनही नाही. आपण २-० पुढे होतो आणि ४-३ ने हरलो. रेफ्रींमुळे सिरीज गेली म्हटलं तर काय चुकलं?

पँथर_भिया
चुकलंच भिया. पाचवा आणि सातवा सामना, दोन्ही तुमच्या घरी आणि दोन्ही ६-१. त्या १२ गोलांत बेनेटचं कोपर कुठे होतं? सहाव्यात तर वोलने एकही गोल होऊ दिला नाही, तुम्ही २-० जिंकलात, म्हणजे गोली कमी पडला असंही नाही. सातव्यात तुमच्या अख्ख्या टीमने मिळून एकच गोल केला. आणि स्टोलार्झला त्याच दिवशी आधी आमच्या राइनहार्टचा शॉट मास्कवर बसला होता, ते पण धरा ना. पुढे आम्ही फायनलमध्ये एडमंटनला ४-२ ने हरवून स्टॅनली कप नेला, बेनेटचे प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) १५ गोल, कॉन स्माइथ म्हणजे प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी त्यालाच. १९६७ पासून तुम्हाला कप नाही तो काय रेफ्रींनी अडवलाय?

महूचा_गोलकीपर
मी भारताचे ऑलिम्पिक गोलकीपर शंकर लक्ष्मण यांच्या गावचा, मैदानी हॉकीत ११ वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय म्हणून बोलतो. एकदा बॉल हेल्मेटवर कानाच्या वर बसला, पडलो नाही, पण पुढची दहा मिनिटं मला दोन-दोन बॉल दिसत होते आणि मी कुणाला सांगितलं नाही, कारण बदलीला कुणी नव्हतंच. त्यामुळे आधी पक (आइस हॉकीतली चकती) बसला होता म्हणून कोपर चालतं, हे मला अजिबात पटत नाही. उलट आधी बसलेल्याला दुसरा मार जास्त वाईट.

पण सिरीज त्याने गेली नाही, इथे पँथर_भिया बरोबर आहे. खरी गडबड नियमात आहे. २०१९ला सॅन होजे-वेगास सातव्या सामन्यात सॅन होजेच्या पॅवेल्स्कीचं डोकं बर्फावर आपटलं, रेफ्रींनी वेगासला मेजर, म्हणजे ५ मिनिटांची मोठी पेनल्टी दिली, त्यात सॅन होजेने ४ गोल केले आणि ओव्हरटाइममध्ये जिंकले. मेजर देणं चूक होतं, लीगने वेगासची माफीही मागितली, आणि पुढच्या सीझनपासून मेजर दिली की व्हिडिओ बघायचा असं ठरलं. पण दिली तरच! रेफ्रीचा हात वरच गेला नाही तर व्हिडिओ कशाचा बघणार? स्टोलार्झचं नेमकं तेच झालं. गोल झाला असता तर कोचने गोली इंटरफिअरन्सचा (गोलीला अडथळा केल्याचा) चॅलेंज घेतला असता, गोल नाही म्हणून तोही रस्ता बंद.

आपल्याकडे मैदानी हॉकीत पॅरिस ऑलिम्पिकला भारताच्या अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं तेव्हा अंपायरांनी व्हिडिओ बघूनच दिलं. मला ते कार्ड आजही कडक वाटतं, १० जणांत आपण ब्रिटनला शूटआउटमध्ये हरवलं हा भाग वेगळा. पण निदान बघितलं तरी.

पँथर_भिया
हे मान्य दादा. गोलीच्या डोक्याला लागलं तर न दिलेली पेनल्टीपण व्हिडिओवर बघावी, बेनेट आमचा असला तरी. पण ४-३ चा हिशोब बदलणार नाही.

सुदामानगरचा_लीफ
दादा, मेजर दिली तरच व्हिडिओ हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं बघून सोडलं. ताईला आत्ताच पाठवलं. आणि भिया, दोन वेळा ६-१, ते खरंच आहे, सातव्याच्या दिवशी मी तिसऱ्या पिरियडच्या आधीच फोन उलटा ठेवला होता.