लाल धागा म्हणजे रोटोसाउंडच का?

सेकंडहँड बास गिटारच्या तारांना खुंटीकडे लाल धागा आहे, म्हणजे त्या रोटोसाउंड कंपनीच्याच ना, असं एकाने विचारलंय. शक्यता नक्कीच आहे, लाल सिल्क, म्हणजे हाच धागा, ही त्यांच्या स्विंग बास ६६ या तारांच्या सेटची जुनी ओळख. पण लाल धागा इतर कंपन्याही वापरतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबून तसाच सेट मागवू नका.

आधी तारेवर आडवं नख फिरवा. करकरलं तर राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं), गुळगुळीत सरकलं तर फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं वेटोळं). ६६ राउंडवाउंड आहे. मग व्हर्नियरने जाडी मोजा, तीही धाग्यावर नाही, उघड्या तारेवर. ६६चा नेहमीचा सेट ०.०४५, ०.०६५, ०.०८०, ०.१०५ इंचांचा असतो. धातूही बघा: स्टेनलेस स्टील पांढुरकं दिसतं, निकेलला किंचित पिवळसर झाक असते.

आणि कृपा करून जुनी तार फेकू नका! तारेच्या टोकाच्या पितळी गोळीपासून खुंटीकडचा धागा सुरू होतो तिथपर्यंतची लांबी मोजून ठेवा. माझ्या बासवर तारा बॉडीतून ओवल्या जातात. एकदा चुकीच्या लांबीचा सेट घेतला, तर गोळीकडच्या टोकालाही असलेला धागा नेमका सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तिथे) आला आणि ई तार अगदी दबकी वाजायला लागली.