अकरावीच्या मुलांचा गोंधळ मोजायचा कसा?

डिचोलीची शिक्षिका:
प्रवेश सुरू आहेत. काल एका मुलीने अर्जावर ‘विज्ञान’ लिहिलं, खोडलं, ‘वाणिज्य’ लिहिलं आणि आईच्या तोंडाकडे बघत बसली. जीव तुटतो हो! अशा मुलांचं नेमकं कुठे अडतं, ते मोजता येतं का? चिनी मुलांवर असं काम झालंय म्हणे.

समुपदेशक, फोंडा:
येतं. गाती, क्राउस आणि ओसिपॉव यांनी १९९६ साली यासाठी प्रश्नावली मांडली. अडचणींचे तीन गट: तयारी नसणं, माहिती नसणं, माहितीत विसंगती असणं. घरच्यांशी न जुळणं तिसऱ्या गटात येतं. चीनमध्ये तर महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या २०१४च्या सुधारणेनंतर आधी शांघाय-झेजियांगमध्ये या परीक्षेचे विषय शाळेतच निवडायची वेळ आली; आता बऱ्याच प्रांतांत भौतिकशास्त्र की इतिहास, इथूनच सुरुवात. प्रश्नावलीच्या गुणांची मात्र नुसती बेरीज बघू नका, गटवार गुण बघा. माहिती नसलेल्या मुलाला आयटीआय, पॉलिटेक्निक दाखवता येतं. घरचं भांडण तसं सुटत नाही.

पालक, पेडणे:
बाई, एक विनंती. प्रश्नावली भरताना आम्हां पालकांना वर्गाबाहेर बसवा. माझा मुलगा माझ्यासमोर खरं लिहिणारच नाही.

डिचोलीची शिक्षिका:
बसवते. त्या मुलीपासूनच सुरुवात करते, आणि तिच्या आईशी वेगळं बोलते.