केओलिन मारलं तर फळावर दिसेना, दुसरा हात दिला आणि सकाळी बाग पांढरीफटक

सांगोल्याचा_भगवा:
मंडळी, आंबे बहाराची, म्हणजे उन्हाळ्यात फळ वाढणारी, डाळिंबाची बाग आहे, फळं लिंबाएवढी झालीत. गेल्या वर्षी पश्चिमेकडच्या फळांना उन्हाने तपकिरी चट्टे पडले आणि व्यापाऱ्याने ती बाजूला काढून मातीमोल भाव केला, म्हणून यंदा ऊन अडवायला केओलिन, म्हणजे ती पांढरी माती, आणलं. लिटरला 50 ग्रॅम घेऊन संध्याकाळी मारलं तर फळावर काहीच दिसेना, वाटलं दुकानदाराने गंडवलं, तिथल्या तिथं दुसरा हात मारला. सकाळी बघतो तर अख्खी बाग चुना फासल्यासारखी, बायको म्हणते लग्नघर केलंय काय. आता पानांचं काय? आणि मातीने ऊन अडतंच कसं?

मातीतला_केमिस्ट:
दुकानदाराला उगाच शिव्या देऊ नका दादा 😀 केओलिन म्हणजे पापुद्र्यांची माती, एक थर सिलिकाचा एक अॅल्युमिनाचा, असे पत्त्यांच्या कॅटासारखे रचलेले बारीक चपटे कण. पाणी वाळलं की कण फळावर आडवे बसतात आणि मधल्या फटींत हवा शिरते, मग उजेड कणातून हवेत, हवेतून कणात असा दर वेळी थोडा थोडा मागे फिरतो, त्यात अतिनीलही आलं आणि उष्णताही. ओलं असताना त्या फटींत पाणी असतं आणि उजेडाला पाणी न् माती यात हवा न् मातीइतका फरक जाणवत नाही, म्हणून तो सरळ आत जातो आणि तुम्हाला पांढरं दिसत नाही. म्हणजे पांढरं दिसतंय तोच पुरावा. चट्ट्याचं म्हणाल तर सफरचंदावर अमेरिकेत काम झालंय, साल 46 ते 49 डिग्री तापली आणि वर ऊनही असलं की तपकिरी डाग, 52 च्या आसपास गेली की नुसत्या तापानेच साल मरते. केओलिन दोन्हीकडून अडवतं.

बागाईत_नाना:
पानं मरत नाहीत, उजेड थोडा कमी मिळतो पण पान थंड राहतं. पुढचा हात मात्र निम्म्याने घ्या, 25 ग्रॅम. फळ फुगतं तसा थर फाटतो म्हणून परत मारावंच लागतं, पाऊस झाला तरी. टाकी ढवळत ठेवा नाहीतर तळाला गाळ आणि नोझल चोक. आणि काढणीच्या तोंडावर अजिबात नको, फळाच्या मुकुटात पावडर बसली की निघता निघत नाही, आमची चार माणसं दिवसभर ब्रश घेऊन बसली होती.

नवखा_शेतकरी:
केओलिन महाग पडतंय, कळीचा चुना चालेल का?

मातीतला_केमिस्ट:
फळावर नको राव, चुना जहाल, कोवळी साल भाजेल. खोडाला लावा की. बाकी ऊन अडवायची युक्ती जुनीच, हरभऱ्यावर घाटेअळी मारणारा विषाणू फवारताना त्यात नीळ टाकायला सांगतात ना, तीही उन्हाने विषाणू मरू नये म्हणूनच.

सांगोल्याचा_भगवा:
बरं झालं विचारलं, मी आज पाइप लावून धुऊन काढणार होतो सगळं.