सर्वकालीन कसोटी संघ: फिरकीत वॉर्नच का?

चौथा डाव
काल या क्रिकेट मंचावर एकाने सर्वकालीन कसोटी संघ टाकला. हॉब्ज, गावसकर, ब्रॅडमन, तेंडुलकर, व्हिव रिचर्ड्स, सोबर्स, गिलख्रिस्ट, इम्रान, मार्शल, वॉर्न, मॅकग्रा. नावांवर माझा फारसा राग नाही. डोकं फिरलं ते त्याखालच्या वाक्याने: "फिरकीत वॉर्न, त्यावर चर्चा नको." तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

चर्चा का नको? मुरलीधरनचे १३३ कसोटींत ८०० बळी, सरासरी (बळीमागे दिलेल्या धावा, कमी तितकी चांगली) २२.७२. वॉर्नचे १४५ कसोटींत ७०८, सरासरी २५.४१. डावात पाच बळी मुरलीने ६७ वेळा घेतले, वॉर्नने ३७ वेळा. सामन्यात दहा म्हणाल तर २२ आणि १०. दोन फलंदाजांमध्ये एवढा फरक असता तर आपण तुलनासुद्धा केली नसती.

वॉर्नच्या दुसऱ्या टोकाला मॅकग्रा होता, गिलेस्पी होता. मुरलीला एक चामिंडा वास सोडला तर दुसऱ्या टोकाला कोण होतं? १९९८ चं ओव्हल आठवा. इंग्लंडमध्ये, इंग्लंडविरुद्ध सामन्यात १६ बळी. दुसऱ्या डावात ६५ धावांत ९, आणि दहावा बळी हुकला तो स्टुअर्ट धावचीत झाला म्हणून. वॉर्नने इंग्लंडच्या गॅटिंगचा त्रिफळा उडवलेला तो एक चेंडू आपण शंभर वेळा पाहिलाय, म्हणून वॉर्न आपोआप संघात येतो. मुरलीचं असं एक चित्र डोळ्यासमोर नाही, एवढाच त्याचा दोष.

आकडेमोड
आकडे द्यायचे तर पूर्ण द्या. मुरलीच्या ८०० पैकी १७६ बळी झिम्बाब्वे आणि बांगलादेशचे आहेत. वॉर्नचे या दोघांविरुद्ध मिळून १७. ऑस्ट्रेलियात श्रीलंकेकडून मुरलीचे ५ कसोटींत १२ बळी, सरासरी ७५ च्या वर. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं हे खरं, पण त्यामुळेच सगळे बळी त्याच्याच वाट्याला आले. वॉर्नला ते मॅकग्राबरोबर वाटून घ्यावे लागले. २००५ च्या अ‍ॅशेसमध्ये मॅकग्रा दोन सामने बाहेर होता, संघ हरत होता, तरी वॉर्नने ४० बळी घेतले.

चौथा डाव
आणि भारतात? वॉर्नची सरासरी ४३.११. सर्वकालीन संघातल्या फिरकीपटूचा भारतात एवढा मार?

आकडेमोड
मुरलीची भारतात ४५.४५. पुढे बोला.

चौथा डाव
बरं, भारताचा मुद्दा सोडला. ६७ विरुद्ध ३७ सोडणार नाही.

खडूस सलामीवीर
तुम्ही दोघं फिरकीवर भांडताय, पण कालच्या संघातली सगळ्यात चांगली गोष्ट कोणी बोलतच नाही. त्याने गावसकरला घेतलं! विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाने २०१३ मध्ये सर्वकालीन संघ काढला तेव्हा हॉब्जबरोबर सलामीला डब्ल्यू. जी. ग्रेस होते. कसोटी सरासरी ३२.२९. क्रिकइन्फो या संकेतस्थळाने २०१० मध्ये हॉब्ज आणि हटन घेतले. हटनबद्दल तक्रार नाही, युद्धकाळातल्या दुखापतीने एक हात आखूड झालेला माणूस ५६ च्या सरासरीने खेळला. पण ग्रेस? १२५ कसोटी, १०,१२२ धावा, वेस्ट इंडीजविरुद्ध १३ शतकं, तेही डोक्यावर हेल्मेट नसताना, आणि जागा मिळते ग्रेसना.

नवा चेंडू
त्या १३ मध्ये १९७१ ची ४ आणि १९७८-७९ ची ४ आहेत. १९७१ ला वेस्ट इंडीजकडे नंतरसारखा वेगवान मारा नव्हता, आणि १९७८-७९ ला त्यांचे मुख्य खेळाडू केरी पॅकरच्या बंडखोर स्पर्धेत होते.

खडूस सलामीवीर
हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. १९८३ ला दिल्लीत ९४ चेंडूंत शतक, समोर मार्शल आणि होल्डिंग. त्याच मालिकेत चेन्नईला चौथ्या क्रमांकावर आला. फलकावर एकही धाव नव्हती, मार्शलने दोघांना परत पाठवलं होतं. तिथून नाबाद २३६. आणि शेवटच्या कसोटीत, बंगळूर १९८७, पिच फुटलेलं, चेंडू गुडघ्यावरून कधी छातीवर येईल सांगता येत नव्हतं, तिथे ९६. संघ १६ धावांनी हरला. त्या खेळपट्टीवर बाकीच्यांचं काय झालं ते स्कोअरकार्ड काढून बघा, मग पॅकर सांगा.

नवा चेंडू
बंगळूरच्या डावाबद्दल माझा काही वाद नाही. तो मी पाहिलाय.

मागचा ग्लोव्ह
मूळ प्रश्नाकडे येतो. मुरली की वॉर्न विचारताय, पण यष्टींमागे कोण आहे ते कोणी बघितलं का? कालच्या संघात गिलख्रिस्ट आहे, आणि त्याच्या नावावर एकाही वाचकाने हरकत घेतली नाही. मला ते खटकलं.

मी १४ वर्षं क्लब क्रिकेटमध्ये कीपिंग केलं. ऑफस्पिनरला उजव्या फलंदाजासमोर यष्टींजवळ उभं राहून बघा. चेंडू लेगला निघतो, मध्ये फलंदाजाचं अंग आणि बॅट येते. टप्पा दिसतो आणि पुढचा क्षण अंधार. ग्लोव्हज जमिनीला टेकवून ठेवायचे आणि चेंडू उसळेल तसे त्याच्याबरोबर वर आणायचे. घाई करून आधी उठलात की चेंडू खालून गेलाच. आता हे मुरलीच्या गोलंदाजीवर करायचं, जो तोच मनगटाचा झटका देऊन एक आत आणतो आणि एक बाहेर काढतो.

एका अंतिम सामन्यात माझ्याकडून एक यष्टिचीत सुटलं. फलंदाज आठ धावांवर होता, दोन पावलं पुढे आलेला, चेंडू माझ्या खांद्याला लागला. त्याने पुढे नव्वदच्या वर केल्या, आम्ही हरलो. पण मला बोचतं ते वेगळंच. आमचा ऑफस्पिनर मला एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या षटकात त्याने चेंडूला उंची देणं बंद केलं, टप्पा मागे घेतला. त्याला कळलं होतं की फलंदाज पुढे आला तरी मागून आधार नाही. त्या दिवसानंतर मी कुठल्याही संघात आधी कीपरचं नाव वाचतो.

म्हणून विस्डेनने गिलख्रिस्टऐवजी अ‍ॅलन नॉटला घेतलं ते मला पटतं. ग्रेसचं खडूस सलामीवीर म्हणतात तसं चुकलं असेल, नॉटचं नाही.

आकडेमोड
गिलख्रिस्ट ४७.६०, नॉट ३२.७५. डावाला १५ धावांचा फरक, दोन डाव धरले तर सामन्याला ३०. तुमच्या नॉटने सामन्याला ३० धावा वाचवल्या का? दाखवा. आणि यष्टिचीतच मोजायचे तर नॉटचे ९५ कसोटींत १९, गिलख्रिस्टचे ९६ कसोटींत ३७.

मागचा ग्लोव्ह
नॉट फिरकीपटू अंडरवूडला कीपिंग करायचा. अंडरवूडचा वेग मध्यमगती गोलंदाजाच्या जवळ जाणारा, फलंदाज क्रीझ सोडायलाच धजायचे नाहीत. मग यष्टिचीत होणार कोण? उलट बाजूने बघा, ओल्डफिल्डचे ५४ कसोटींत ५२ यष्टिचीत आहेत, कारण समोर मेली आणि ग्रिमेट चेंडू हवेत सोडायचे. तुमचा आकडा कीपरचा नाहीच, गोलंदाजाचा आहे.

तिसरी स्लिप
मी गिलख्रिस्टच्या बाजूने, आणि आकड्यांसाठी नाही. २००१ ची मुंबई कसोटी मी चेंडू न् चेंडू पाहिली. ऑस्ट्रेलिया ५ बाद ९९, आपला संघ वर. हा आला आणि ११२ चेंडूंत १२२ करून गेला. सामना तिसऱ्या दिवशी संपला. मी टीव्ही बंद करून अंधारात बसले होते. सातव्या क्रमांकावरचा माणूस सामना असा हिसकावून नेतो हे त्याआधी मी पाहिलं नव्हतं. १९९९ च्या होबार्टलाही तेच, ३६९ चा पाठलाग, ५ बाद १२६, लँगरबरोबर उभा राहिला आणि नाबाद १४९.

मागचा ग्लोव्ह
मुंबईनंतरचे त्याच मालिकेतले त्याचे चार डाव सांगा ना. कोलकात्यात ० आणि ०, दोन्ही वेळा पहिल्याच चेंडूवर. चेन्नईत १ आणि १.

तिसरी स्लिप
माहीत आहेत. हरभजनने त्याला बांधून टाकलं होतं. तरी मी त्यालाच घेईन.

नवा चेंडू
एक विचारू? वरचे सहा हॉब्ज ते सोबर्स असताना सातव्याच्या धावा हव्यात कशाला?

आकडेमोड
कारण समोर तितकाच भारी संघ धरायचा असतो. मार्शल तुमच्याकडे आहे, पण समोर अँब्रोज, हॅडली, स्टेन असतील. तिथे ५ बाद ९९ होणारच.

मागचा ग्लोव्ह
आणि तिथे कीपरची एक सुटलेली संधीही सामना घालवते. कराची, १९९४. पाकिस्तानला ३१४ हव्यात, शेवटची जोडी, इंझमाम आणि मुश्ताक, ५७ जोडल्या. जिंकायला ३ बाकी असताना इंझमाम वॉर्नला पुढे आला, चुकला, यष्टिचीत सुटलं आणि चेंडू सीमेपार. सामना गेला, बाकीचे दोन अनिर्णित राहिले म्हणून मालिकाही गेली. त्या डावात वॉर्नचे ५ बळी होते. एका चेंडूने सगळं पाण्यात.

आकडेमोड
तिथे कीपर कोण होता तेही लिहा. इयन हिली! ज्याला अर्धं जग त्या काळातला सर्वोत्तम यष्टिरक्षक म्हणतं. म्हणजे सर्वोत्तम हातही सोडतात. मग ३० धावा का सोडायच्या? तुम्ही क्लबात एक यष्टिचीत सोडलं म्हणून आता गिलख्रिस्टला संघाबाहेर काढणार का? तुमचं दुःख तुमच्यापाशी ठेवा.

मागचा ग्लोव्ह
हे वैयक्तिक झालं. मी माझी चूक स्वतःहून, उघडपणे लिहिली, तुम्ही तिचा दगड करून मारला. तुम्ही कधी ग्लोव्हज घातलेत? टेबलाशी बसून भागाकार करणं वेगळं आणि दिवसभर नव्वद षटकं उठबस करून शेवटच्या षटकात तोच चेंडू पकडणं वेगळं.

तिसरी स्लिप
आकडेमोड, तुमची बाजू माझीच आहे, पण ते वाक्य नको होतं. त्यांनी ऑफस्पिनरने टप्पा मागे घेतल्याचं लिहिलंय, ते परत वाचा. ते कुठल्याच स्कोअरकार्डात येत नाही.

खडूस सलामीवीर
ग्रेसना कशासाठी घेतलं ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

नवा चेंडू
फलंदाजी म्हणजे काय हे ग्रेसनी घडवलं म्हणून घेतलं असणार. त्यांचा मोठा खेळ कसोटीबाहेर, प्रथम श्रेणीत झाला. पण संघ जर कसोटीचा असेल तर तुमचं बरोबर आहे, गावसकर आधी.

खडूस सलामीवीर
एवढंच हवं होतं.

आकडेमोड
क्लबच्या सामन्याबद्दल बोललो ते चुकलं, मागे घेतो. गिलख्रिस्टबद्दलचं तसंच ठेवतो. टप्प्याचं म्हणाल तर ते मोजता येत नाही. मोजता येत नाही म्हणून घडत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्यावर संघ निवडणार नाही.

मागचा ग्लोव्ह
ठीक. मग मीही एक सांगतो, कारण लपवणं बरोबर नाही. गिलख्रिस्ट २००८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला निवृत्त झाला तो कशाने? ब्रेट लीच्या चेंडूवर लक्ष्मणचा झेल सुटला. त्याच क्षणी त्याला कळलं की आता थांबायचं. फलंदाजी करत राहता आली असती. पण हात चुकला म्हणून तो गेला. त्याच्याबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं. स्वतःला तो आधी कीपर समजत होता, तुम्ही लोक त्याला फलंदाज समजता.

आणि वॉर्नला त्याने वर्षानुवर्षं कीपिंग केलं, मॅकगिलला केलं, ते उत्तम केलं. वॉर्नचा लेगस्पिन उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो, तो कीपरला दिसतो. (लेगबाहेरच्या खडबडीत पट्ट्यातला सोडून, तो कोणालाच दिसत नाही.) तेव्हा वॉर्न घेणार असाल तर गिलख्रिस्ट राहू द्या, माझी हरकत नाही. मुरली घेणार असाल तर मात्र मागे नॉट हवा.

चौथा डाव
मी सकाळपासून गप्प वाचतोय. मुरलीसाठी धागा काढला आणि कीपरचा विचार मी एकदाही केला नव्हता. मला हे कबूल करायला आवडत नाही, पण कालच्या संघात नुसता वॉर्न काढून मुरली घातला तर गिलख्रिस्टला मी आंधळ्या बाजूला उभा करतोय.

मी मुरली सोडणार नाही. म्हणून नॉट. इम्रान सातवर, ३७.६९ ची सरासरी आहे, नॉट आठवर. मार्शल, मॅकग्रा, मुरली.

आकडेमोड
इम्रान सातवर असेल तर ५ बाद ९९ ला मला झोप लागेल. पण १७६ बळींचं तुम्ही उत्तर दिलेलं नाही.

चौथा डाव
१७६ काढले तरी ६२४ उरतात. सरासरी २५ च्या आत. वॉर्नचे त्या दोघांविरुद्धचे काढून बघा, २५ च्या बाहेर राहतो.

आकडेमोड
थोडक्यात बाहेर.

चौथा डाव
पण बाहेर.