'क्वाइट' म्हणजे 'बऱ्यापैकी' की 'अगदी'?

पानोपानी (प्रश्न)

भाषांतरात 'क्वाइट' हा शब्द आला की अडायला होतं. शब्दकोशात दोन अर्थ एकाखाली एक दिलेले असतात, 'बऱ्यापैकी' आणि 'पूर्णपणे'. 'द फिल्म वॉज क्वाइट गुड' यात सिनेमा बरा होता, चांगला होता की फारच चांगला होता? त्याच न्यायाने 'यू आर क्वाइट राइट' म्हणजे 'तुमचं बऱ्यापैकी बरोबर आहे' असं होईल, पण ते उघडच चुकतं. कुठे कुठला अर्थ घ्यायचा हे कशावरून ओळखायचं? आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे की बरेच?

खोडरबर

'क्वाइट'च्या पुढचं विशेषण बघा आणि त्याच्या मराठी प्रतिशब्दाला 'फार' लावून बघा. फार चांगला, फार थंड, फार महाग हे चालतं. ही कमी-जास्त होऊ शकणारी विशेषणं. त्यांच्याआधी आलेला 'क्वाइट' साधारणपणे 'बऱ्यापैकी'चा. 'फार अशक्य', 'फार मेलेला', 'फार परिपूर्ण' असं आपण म्हणत नाही, कारण तिथे मधली पायरीच नसते. म्हणून 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य, 'क्वाइट डेड' म्हणजे पुरता मेलेला. 'राइट' आणि 'राँग' याच गटातले, त्यामुळे 'यू आर क्वाइट राइट' म्हणजे 'तुमचं अगदी बरोबर आहे'. 'ब्रिलियंट', 'एक्झॉस्टेड' अशी मुळातच टोकाची विशेषणंही इथेच येतात.

क्रियापदांचंही तसंच. 'आय क्वाइट लाइक इट' म्हणजे 'आवडतं, तसं बरं आहे'. 'आय क्वाइट अग्री' म्हणजे 'अगदी मान्य'. आवडीला पायऱ्या असतात, संमती मात्र एक तर असते किंवा नसते.

'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच! 'फ्यू' दिसला म्हणून 'थोडेसे' लिहिणं ही नेहमीची चूक आहे आणि तिने वाक्याचा अर्थ उलटा होतो. 'क्वाइट अ लॉट' म्हणजेही बरंच, 'क्वाइट सम टाइम' म्हणजे बराच काळ.

दोन्हीतीरी

वरची कसोटी चांगली आहे, पण 'क्वाइट गुड'चा प्रश्न तिने पूर्ण सुटत नाही. लिहिणारा ब्रिटिश की अमेरिकन, हे आधी बघायला हवं.

ब्रिटिश माणसाचं 'क्वाइट गुड' बहुतेकदा 'ठीक आहे, वाईट नाही' एवढंच असतं. अमेरिकन वापरात तेच शब्द 'चांगलाच' किंवा 'फार छान'कडे झुकतात. त्यामुळे ब्रिटिश संपादकाने मसुद्यावर 'क्वाइट गुड' असा शेरा मारला तर अमेरिकन लेखक खूश होतो आणि पुढची दुरुस्तीची यादी बघून गोंधळतो. मराठीत आणताना ब्रिटिश मजकुरासाठी 'बरा' किंवा 'बऱ्यापैकी', अमेरिकनसाठी 'चांगलाच' असा अंदाज धरावा आणि मागच्या-पुढच्या वाक्यांवर तपासून घ्यावा. लगेच 'पण' आला असेल तर कौतुक हातचं राखून केलेलं आहे, असं समजायला हरकत नाही.

बोलण्यात जोर कुठे पडतो तेही महत्त्वाचं. ब्रिटिश उच्चारात 'क्वाइट'वर जोर देऊन 'गुड' खाली सोडला, तर 'चांगला आहे, पण अपेक्षेइतका नाही'. जोर 'गुड'वर पडला तर कौतुक जरा खरं. छापील पानावर हा फरक दिसत नाही, खरी अडचण ती आहे. स्वतः इंग्रजीत लिहिताना वाचक दोन्हीकडचे असतील तर 'क्वाइट गुड' टाळा. 'व्हेरी' किंवा 'फेअरली' यांपैकी जे म्हणायचंय ते सरळ लिहा.

खोडरबर

हे मान्य. आणखी एक सापळा नकाराचा. 'नॉट क्वाइट'मध्ये नेहमी 'पूर्णपणे'चाच अर्थ असतो. 'नॉट क्वाइट रेडी' म्हणजे तयारी होत आली आहे, थोडं बाकी आहे. 'फारसं चांगलं नाही' असं म्हणायचं म्हणून 'नॉट क्वाइट गुड' लिहितात, ते चुकीचं. तिथे 'नॉट व्हेरी गुड' हवं.

पानोपानी

'फार'ची कसोटी आवडली. पण 'डिफरंट'ला 'व्हेरी' लागतं आणि मराठीत 'फार वेगळा' असंही म्हणतो. मग 'क्वाइट डिफरंट' म्हणजे बऱ्यापैकी वेगळा का? आणि 'क्वाइट बेटर' चालतं का? शिवाय 'अ' हे उपपद कुठे ठेवायचं?

खोडरबर

'डिफरंट' हा अपवाद पाठच करावा लागतो. 'क्वाइट डिफरंट' बहुतेक वेळा 'अगदी वेगळा', याउलट 'क्वाइट सिमिलर' म्हणजे 'बरंच सारखं'. 'शुअर' आणि 'सर्टन'लाही 'व्हेरी' लागतं, तरी 'क्वाइट शुअर' म्हणजे 'पक्की खात्री'.

'क्वाइट बेटर' फक्त तब्येतीबद्दल, 'पूर्ण बरा झाला' या अर्थाने. एरवी तुलनेत 'मच बेटर' किंवा 'रादर बेटर'.

उपपद 'क्वाइट'नंतर: 'क्वाइट अ गुड बुक'. 'अ क्वाइट गुड बुक' कानाला खटकतं. 'पूर्णपणे'च्या अर्थाने मात्र 'अ क्वाइट एक्स्ट्राऑर्डिनरी रिझल्ट' अशी रचना आढळते. विशेषण नसताना नुसतं 'क्वाइट अ' आलं, जसं 'क्वाइट अ पार्टी', तर अर्थ 'काय पार्टी होती!'. 'क्वाइट द एक्स्पर्ट'मध्ये बऱ्याचदा टोमणा असतो, 'मोठा तज्ज्ञच की'.

मूळधातू

दोन अर्थ एकाच शब्दाला कसे चिकटले, तेही सांगतो. मुळाशी लॅटिन 'क्विएतुस' आहे, म्हणजे शांत, निवांत. त्यातून 'सुटलेला, देण्यातून मोकळा' हा अर्थ आला आणि जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'मोकळेपणी, म्हणजे पूर्णपणे' झाला. 'बऱ्यापैकी' हा अर्थ फार नंतरचा. मराठी 'साफ'चं बघा ना: आधी स्वच्छ, मग 'साफ खोटं'.

शांत या अर्थाचा 'क्वायट' आणि सोडणे या अर्थाचा 'क्विट' ही त्याचीच भावंडं. 'क्वायट'च्या शेवटी 'ई' आणि मग 'टी', 'क्वाइट'च्या शेवटी 'टी' आणि मग 'ई'. दोन्ही शब्द खरे असल्याने साधा स्पेलिंग-तपासनीस अदलाबदल पकडत नाही. मुद्रितं वाचताना ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

दोन्हीतीरी

संवादात नुसतं 'क्वाइट.' असं एका शब्दाचं उत्तर आलं, तर ते ब्रिटिश धाटणीचं पूर्ण अनुमोदन असतं. तिथे 'बऱ्यापैकी' लिहू नका. मराठीत आपण तेच एका शब्दात म्हणतो: 'अगदी!'