प्रतिसाद: बंधन वर्गावर चालेल, पातळीवर नको

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रे रंगवण्याच्या खेळांत पात्राच्या वंशानुसार (ड्वार्फ म्हणजे बुटका, एल्फ वगैरे काल्पनिक जमाती) वर्गाची, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पेशाची, बंधने सरसकट काढून टाकावीत, हे या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. १९८१ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ड्वार्फ किंवा एल्फ हा स्वतःच एक वर्ग होता आणि हाफलिंग या ठेंगण्या वंशाच्या पात्राची वाटचाल, अनुभवागणिक चढत जाणाऱ्या पातळ्यांपैकी, ८ व्या पातळीवर थांबत असे. म्हणजे सुरुवातीला मिळालेल्या जादा क्षमतांची किंमत, मोहीम, म्हणजे तीच पात्रे घेऊन सलग चालणारा खेळ, तेवढी लांबलीच तर, पात्रावर जीव जडल्यानंतर वसूल होई. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढली, ते योग्यच झाले.

मात्र ‘ड्वार्फ जादूगार होत नाही’ हा नियम त्या जगाविषयी काही सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गटात एकाने ड्वार्फ जादूगाराचाच हट्ट धरला, तेव्हा डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, थेट नकार न देता विचारले, “त्याला ही विद्या शिकवली कुणी, आणि कळल्यावर भावकी काय म्हणाली?” त्यातून मंत्र वहीत न लिहिता ढालीच्या आतल्या बाजूला कोरून ठेवणारा, वाळीत पडलेला ड्वार्फ उभा राहिला. सगळेच मोकळे असते, तर हा प्रश्न निघालाच नसता. बंधन ठेवायचे असेल, तर ते पात्रे बनवण्याआधी कारणासह सांगावे आणि त्याला अपवाद मागण्याची मुभा असावी.