‘ऑक्सिजन ऋण’ की ‘उचल’?

लातूरची शिक्षिका: शारीरिक शिक्षणाच्या टिपणांचा अनुवाद करताना ‘ऑक्सिजन डेट’पाशी मी अडले आहे. ‘ऑक्सिजन ऋण’ लिहिले, तर एका विद्यार्थ्याने वहीत ‘ऑक्सिजन’पुढे वजाचे चिन्ह काढले, कारण त्याच्या ओळखीचे ‘ऋण’ गणितातले आहे. शंभर मीटर धावून थांबल्यावरही आपण कितीतरी वेळ धापा टाकत जो जादा ऑक्सिजन घेतो, त्याला काय म्हणावे?

अंबाजोगाईकर: ताई, आपल्याकडे ‘उचल’ आहे. ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्याला मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाकडून आधी पैसे उचलते आणि मग हंगामभर राबून ते फेडते. स्नायूही पुरेसा ऑक्सिजन पोहोचण्याआधी फॉस्फोक्रिएटिन या आपल्यातल्या तयार ऊर्जासाठ्यावर आणि ऑक्सिजनविना ग्लुकोजचे लॅक्टेट हे रसायन करून काम भागवतात, आणि फेड मागाहून होते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1920च्या दशकात ही संज्ञा रूढ केली, तेव्हा कल्पना कर्जाचीच होती.

परभणीचा धावपटू: सर, शब्द गोड आहे, पण शरीराचा हिशेब इतका सरळ नाही. फॉस्फोक्रिएटिनचा बहुतेक साठा काही मिनिटांत भरून येतो. लॅक्टेट मात्र बरेचसे हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून जाळतात, थोडे यकृतात पुन्हा ग्लुकोज होते. शिवाय अंग तापलेले असते, अ‍ॅड्रेनलिन चढलेले असते, आणि त्यासाठीही ऑक्सिजन खर्च होतो, जो कोणी उसना घेतलेलाच नव्हता. म्हणूनच गेसर आणि ब्रूक्स या व्यायाम-संशोधकांनी 1984 मध्ये ‘कर्ज’ टाळून ‘व्यायामानंतरचा जादा ऑक्सिजन-वापर’ अशा अर्थाची संज्ञा मांडली.

अंबाजोगाईकर: उचलीचा हिशेब तरी कुठे जुळतो? न फिटलेली ‘बाकी’ पुढच्या हंगामात अंगावर येतेच. माझ्या मते उपमा अधिकच चपखल बसते.

जालन्याचा वाचक: पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावणारी आमची मुले यातले काहीच म्हणत नाहीत. पहाटे मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या मुलाला सोबती ‘दम खा’ एवढेच सांगतो. हा ‘दम’ फारसी आहे, त्याचा अर्थ श्वास, आणि तो निजामाच्या राजवटीतून आपल्याकडे आला.

लातूरची शिक्षिका: निजामामुळे कसा? सातारचा माणूसही ‘दम लागला’ म्हणतो. आणि ‘दम धर’मधला संयम संस्कृत ‘शम-दम’ मधला नसेल कशावरून? पाठ्यपुस्तकात शक्यतो तत्सम शब्दच असावा, असे मला मनापासून वाटते.

जालन्याचा वाचक: ताई, ज्या तत्सम ‘ऋणा’ने घोळ केला, त्याच वाटेने पुन्हा का जायचे? ‘दमछाक’ मुलांना शिकवावी लागत नाही.

परभणीचा धावपटू: पण ‘दमछाक’ म्हणजे थकवा, आपण तर सावरण्याला शब्द शोधत आहोत. ‘दम खाणे’ त्याच्या जवळ जाते, मात्र त्यात मोजमाप नाही, आणि लिटरमध्ये मोजलेला ऑक्सिजन ‘खाल्लेला दम’ म्हणून तक्त्यात लिहिता येणार नाही.

अंबाजोगाईकर: ‘दम’ श्वासाचा असो वा संयमाचा, मग ‘दम देणे’ म्हणजे धमकावणे, हा अर्थ या दोहोंपैकी कोणत्या ‘दमा’तून निघाला?